सोलमधली संग्रहालयं आणि कलाप्रदर्शनं ऐन थंडीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की नाताळच्या सुट्टीचे बेत ठरू लागतात आणि मला सोलबद्दलचे प्रश्न यायला लागतात. या शहरात मी काही हिवाळे काढले. त्यातल्या सुट्टीच्या बहुतेक दुपारी संग्रहालयांत गेल्या, म्हणून तेच तेच विचारणाऱ्यांसाठी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चेरीचा बहर नाही, पानगळीचे रंग नाहीत. मग हिवाळ्यात सोलला यावं तरी का?

संग्रहालयांसाठी येणार असाल तर हिवाळ्यातच या. परदेशातून येणारी मोठी प्रदर्शनं इथे बऱ्याचदा नोव्हेंबर ते मार्च या काळात लागतात. कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०२२-२३च्या हिवाळ्यात व्हिएन्नाहून हॅब्सबर्ग घराण्याचा संग्रह आला होता. पुढच्या हिवाळ्यात प्राचीन दक्षिण भारतातली बौद्ध कला आली (प्रश्न ८) आणि त्याच्या पुढच्या वर्षी क्लिम्ट, शीले हे चित्रकार आणि त्यांच्या काळातलं व्हिएन्ना. शिवाय बाहेर गोठवणारं वारं असलं की माणूस एका चित्रासमोर आपोआप जास्त वेळ थांबतो. एप्रिलच्या उन्हात हे जमत नाही, पाय बाहेर ओढ घेतात.

एक अडचण सांगायला हवी. जानेवारी-फेब्रुवारीत इथल्या शाळांना सुट्टी असते. त्यामुळे शनिवार-रविवारी आणि दुपारी मुलांची झुंबड उडते. मधल्या वारी सकाळी दार उघडतानाच पोचा.

२. थंडी नेमकी किती असते? महाबळेश्वरचं स्वेटर चालेल का?

नाही चालणार. जानेवारीचं सोलमधलं सरासरी तापमान शून्याच्या खाली असतं, आणि थंडीची लाट आली की पहाटे उणे दहाच्याही खाली उतरतं. कोरियन लोक 'साम हान सा ऑन' म्हणतात: तीन दिवस कडाका, चार दिवस जरा ऊब. हे गणित काटेकोर नसलं तरी कडाका सलग फार दिवस टिकत नाही, हे खरं.

संग्रहालय पाहणाऱ्याची खरी पंचाईत मात्र आत शिरल्यावर होते. इमारती चांगल्या तापवलेल्या असतात. आपण बाहेरच्या थंडीसाठी एकावर एक चढवून आलेलो असतो, आणि दहा मिनिटांत घाम फुटतो. म्हणून एक जाडजूड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ थर घाला: आत अंगाला चिकटून बसणारा थर्मल, वर साधा पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर पिसांचं जाकीट. जाकीट आत गेल्या गेल्या काढून लॉकरमध्ये टाका. मोठ्या संग्रहालयांत लॉकर असतातच. जाकीट हातावर टाकून तीन तास फिरलात तर पाय दुखायच्या आधी खांदा दुखेल.

चष्मा असेल तर दारातून आत येताच काचांवर धुकं धरतं. दोन मिनिटं थांबा, पुसू नका. कॅमेऱ्याचंही तसंच आहे, तो पिशवीतच हळूहळू गरम होऊ द्या. हवा फार कोरडी असते, ओठांना लावायला काहीतरी आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या. कोपऱ्यावरच्या दुकानात हातात धरायच्या गरम पुड्या मिळतात. त्यांना इथेही 'हॉट पॅक'च म्हणतात.

३. दोनच दिवस आहेत. कुठे जाऊ?

दिवसाला दोन संग्रहालयं, तिसरं नको. हा माझा आग्रह आहे आणि त्यावरून वाद घालणाऱ्या प्रत्येकाने परत गेल्यावर तो मान्य केला आहे.

एक दिवस योंगसानचं राष्ट्रीय संग्रहालय (प्रश्न ७), आणि जवळच हान्नाम-डोंगमधलं लीउम कलासंग्रहालय. लीउम २००४ साली उघडलं. मारियो बोट्टा, झाँ नूव्हेल आणि रेम कूल्हास या तीन वास्तुकारांनी त्याचा एकेक भाग बांधला. बोट्टाच्या भागात वरच्या मजल्यावरून गोल पांढऱ्या जिन्याने खाली यायचं आणि वाटेत हिरवट चिनीमाती, पांढरी चिनीमाती, जुनी चित्रं बघायची. तो जिनाच पाहण्यासारखा आहे.

दुसरा दिवस आनगुक स्टेशनच्या परिसरात: आधुनिक व समकालीन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय (प्रश्न ९) आणि हस्तकलेचं संग्रहालय (प्रश्न १०). मध्ये ग्योंगबोकगुंग राजवाडा येतोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो संध्याकाळी पाचला बंद होतो आणि शेवटचा प्रवेश चारला, म्हणून तो सकाळी उरका. राजवाड्याच्या अंगणात हाडं गारठली की दारातच राजवाडा संग्रहालय आहे, तिथे शिरा. १३९५ साली दगडात कोरलेला आकाशाचा नकाशा तिथे आहे.

४. तिकिटांना किती खर्च येईल?

तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी. राष्ट्रीय संग्रहालयाची कायमस्वरूपी दालनं २००८पासून विनामूल्य आहेत. हस्तकला संग्रहालय, शहराच्या इतिहासाचं संग्रहालय, राजवाडा संग्रहालय आणि लोकजीवन संग्रहालय यांनाही पैसे पडत नाहीत. आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात काही हजार वॉन पडतात, आणि बुधवारी व शनिवारी संध्याकाळी सहानंतर तेही नाहीत. ग्योंगबोकगुंगला ३,००० वॉन, दॉक्सुगुंग राजवाड्याला १,०००.

पैसे लागतात ते खास प्रदर्शनांना. युरोपातल्या नामवंत चित्रकारांच्या प्रदर्शनाला वीस हजार वॉनच्या आसपास धरा. 'संस्कृतीचा दिवस' म्हणून बुधवारी अनेक ठिकाणी सवलत असते, २०१४मध्ये ही पद्धत महिन्याच्या शेवटच्या बुधवारपुरती सुरू झाली. तुमच्या तारखांतल्या बुधवारी सवलत आहे का ते पाहा.

५. कोणत्या वारी काय बंद असतं? प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलंय.

सर्वात जास्त फसगत इथेच होते. मीही एका सोमवारी आईबाबांना घेऊन बंद दारासमोर उभी राहिले आहे. बाहेर उणे नऊ होतं आणि बाबांच्या हातात मोजे नव्हते. त्या दिवसानंतर मी हे पाठ केलं.

सोमवारी बहुतेक कलासंग्रहालयं बंद: लीउम, सोल नगर कलासंग्रहालय, हस्तकला संग्रहालय, शहर-इतिहास संग्रहालय, सोल आर्ट्स सेंटरमधलं हांगाराम. आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या दॉक्सुगुंग आणि ग्वाछॉन शाखाही सोमवारी बंद, पण त्याच संस्थेची आनगुकजवळची सोल शाखा सोमवारी उघडी. योंगसानचं राष्ट्रीय संग्रहालयही सोमवारी उघडं असतं. म्हणजे सोमवार या दोघांसाठी राखून ठेवायचा.

मंगळवारी ग्योंगबोकगुंग बंद. बाकीचे मोठे राजवाडे सोमवारी बंद. ग्योंगबोकगुंगच्या आवारातलं लोकजीवन संग्रहालय मात्र मंगळवारीही उघडं असतं, त्याचं स्वतंत्र दार आहे.

आणखी एक खाचखळगा: सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर काही संग्रहालयं उघडी राहतात आणि मग मंगळवारी बंद. निघायच्या आदल्या रात्री संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर एकदा बघाच. तिथे 'ह्युग्वान' हा शब्द दिसला की बंद.

६. नाताळ, ३१ डिसेंबर, कोरियन नवं वर्ष यांत काय उघडं असतं?

नाताळात बरंच काही उघडं असतं. १ जानेवारीला जवळपास सगळं बंद धरा.

सॉल्लाल, म्हणजे चांद्र नववर्ष, जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं (२०२६मध्ये १७ फेब्रुवारीला होतं). सुट्टी तीन दिवसांची असते. नेमक्या सॉल्लालच्या दिवशी राष्ट्रीय संग्रहालयही बंद असतं. आदल्या आणि नंतरच्या दिवशी मात्र मोठी ठिकाणं बहुधा उघडतात, राजवाड्यांत तर या सुट्टीत प्रवेश विनामूल्य असतो. छोट्या खासगी गॅलऱ्या पूर्ण सुट्टी बंद. सोलमधली निम्मी माणसं गावी गेलेली असतात, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, बऱ्याच खाणावळी बंद असतात. शहराबाहेर जायचा बेत या आठवड्यात आखू नका.

३१ डिसेंबरच्या मध्यरात्री जोंगनोमधल्या बोसिनगाक मंडपातली घंटा ३३ वेळा वाजवतात. रस्त्यावर प्रचंड गर्दी होते. मला त्यातली मजा वेगळीच वाटते: आज वाजते ती १९८०च्या दशकात ओतलेली घंटा. तिच्या आधीची, १४६८ सालची मूळ घंटा आता योंगसानच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात शांत उभी आहे. दोन दिवसांनी तिच्यासमोर जाऊन उभे राहा.

७. राष्ट्रीय संग्रहालय अवाढव्य आहे म्हणतात. अर्धा दिवस आहे, काय चुकवू नये?

आधी पोचायचं कसं. मेट्रोच्या ४ क्रमांकाच्या मार्गावर इछोन स्टेशन. तिथून संग्रहालयापर्यंत जमिनीखालून वाट काढली आहे, थंडीत तिचे उपकार मानावेत.

आत शिरलात की लांबच लांब दालनाच्या टोकाला दगडी पॅगोडा दिसेल. ग्योंगछॉनसा मठातला हा दहा मजली पॅगोडा १३४८ सालचा, साडेतेरा मीटर उंच, संगमरवरी. १९०७मध्ये एका जपानी मंत्र्याने तो उतरवून जपानला नेला. सोलमध्ये राहणाऱ्या अर्नेस्ट बेथेल आणि होमर हल्बर्ट या दोन परदेशी माणसांनी वर्तमानपत्रांतून त्याविरुद्ध ओरड केली, आणि १९१८मध्ये तो परत आला. खालून नुसतं वर बघू नका. लिफ्टने दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर जा आणि कठड्यापाशी उभे राहून त्याच्या वरच्या मजल्यांवरच्या कोरीव आकृती समोरासमोर बघा.

मग दुसऱ्या मजल्यावरची 'चिंतनाची खोली'. नोव्हेंबर २०२१मध्ये ही उघडली. ४३९ चौरस मीटरची अंधारी जागा आणि तिच्यात फक्त दोन मूर्ती: सहाव्या शतकाच्या अखेरीची एक, सातव्याच्या सुरुवातीची दुसरी. दोन्ही सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या, उंचीला मीटरभरही नाहीत. एक पाय खाली, दुसरा त्याच्या गुडघ्यावर आडवा, उजव्या हाताची बोटं गालाला जेमतेम टेकलेली. जमिनीला अगदी हलका चढ दिलेला आहे, त्यामुळे चालताना आपलीच गती कमी होते. मूर्तींच्या मागे जाता येतं. तिथून उजवीकडच्या मूर्तीची पाठ आणि मान बघा: विचारात बुडालेल्या माणसाची पाठ जशी किंचित कलते, तशीच. पहिल्या वेळी मी तिथे पाऊण तास होते. मुलामा काही ठिकाणी उडून खालचा काळसर धातू दिसतो, आणि गालावरचं बोट जिथे टेकतं तिथेही मधे केसभर फट आहे असा भास होत राहतो.

वेळ उरला तर चंद्रघट पाहा. पांढऱ्या चिनीमातीचे मोठे गोल रांजण हे, दोन अर्धगोल जोडून केलेले, म्हणून मध्यावर किंचित वाकडे. बाकीचं पुढच्या वेळी.

गर्दीबद्दल: २०२५मध्ये या संग्रहालयाला वर्षभरात ६० लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. त्या वर्षी एका लोकप्रिय ॲनिमेशनपटामुळे वाघ आणि कावळ्याच्या कुळातल्या मॅगपाय पक्ष्याच्या जुन्या लोकचित्रांचं वेड पसरलं, आणि संग्रहालयाच्या दुकानातले बिल्ले संपून गेले. बुधवारी आणि शनिवारी संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडं असतं. बुधवारी सातनंतरची चिंतनाची खोली मला सर्वांत प्रिय आहे.

८. ताई, तिथे आपल्याकडचं काही दिसतं का?

दिसतं, आणि थेट दिसतं. तिसऱ्या मजल्यावर भारत आणि आग्नेय आशियाच्या कलेचं दालन आहे, गांधारातली शिल्पं आहेत. मध्य आशियातल्या गुहांमधली भित्तिचित्रं आहेत, ती पाहताना अजिंठा पाहिलेल्या माणसाला रेषेची ओळख पटते. चिंतनाच्या खोलीतल्या मूर्तींची बैठकही मुळात गांधार आणि मथुरेकडची. चीनमार्गे ती कोरियात पोचली आणि तिथे इतकी नाजूक झाली.

डिसेंबर २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात इथे प्राचीन दक्षिण भारतातल्या स्तूपांच्या शिल्पांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातून ते आलं होतं. सातवाहनांच्या काळातली ती कला. पैठणशी नातं असलेल्या राजवटीचं नाव कोरियन लिपीत लिहिलेलं मी तिथे पाहिलं, आणि शेजारी उभी असलेली शाळकरी पोरं ते अक्षर अक्षर लावून वाचत होती. नागांच्या फणा, पूर्णकुंभातून उगवणारी कमळं, पोट सुटलेले यक्ष, हे सगळं त्यांना नवं होतं. मला ते आजोळच्या देवळासारखं वाटत होतं.

त्याआधी, २०१०-११च्या हिवाळ्यात, इथे ह्येचोचं हस्तलिखित पॅरिसहून आलं होतं. ह्येचो हा सिल्ला राज्यातला भिक्खू. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात तो भारतभर फिरला आणि जे पाहिलं ते लिहून ठेवलं. त्याचं लिखाण त्याच्या स्वतःच्या देशात तेव्हा पहिल्यांदा दाखवलं गेलं.

९. मला आधुनिक कलेतलं काही कळत नाही. तरी त्या संग्रहालयात जाऊ का?

जा. कळण्याची अट नाही. सोल शाखेची जागाच आधी समजून घ्या. २०१३मध्ये उघडलेलं हे संग्रहालय जिथे उभं आहे तिथे आधी लष्करी गुप्तचर विभागाचं मुख्यालय आणि लष्करी रुग्णालय होतं. १९७९मध्ये गोळ्या घातलेल्या राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांना याच रुग्णालयात आणलं होतं. सामान्य माणसाला ज्या आवारात पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे आता आया बाबागाड्या घेऊन फिरतात. जुनी लाल विटांची इमारत तशीच ठेवली आहे.

समकालीन कला जड वाटतच असेल तर दॉक्सुगुंग राजवाड्यातल्या शाखेपासून सुरुवात करा. तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कोरियन कलेवर भर असतो. प्रदर्शनात पार्क सू-गुन (१९१४–१९६५) यांचं चित्र असेल तर त्याच्या जवळ जा. रंगाचे थरावर थर दिल्यामुळे पृष्ठभाग ग्रॅनाइटसारखा खरबरीत झालेला असतो. दोन पावलं मागे या, आणि त्या खरबरीतपणातून बोडकी झाडं आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका वर येतात. बाहेर पडल्यावर अंगणात तशीच बोडकी झाडं उभी असतात. हे चित्र हिवाळ्यातच पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

२०२१मध्ये सॅमसंगचे दिवंगत प्रमुख ली गुन-ही यांच्या कुटुंबाने २३ हजारांहून अधिक कलाकृती देशाला दिल्या. त्यांचा मोठा भाग राष्ट्रीय संग्रहालयाकडे आणि या संग्रहालयाकडे आला. त्यामुळे आता दालनांत बरंच काही नवं दिसतं.

१०. आईला चित्रांत रस नाही, पण शिवण-भरतकाम जीव की प्राण. तिच्यासाठी काही?

आनगुक स्टेशनजवळचं सोल हस्तकला संग्रहालय. मुलींच्या जुन्या शाळेच्या इमारतींत २०२१मध्ये उघडलं. हॉ दोंग-ह्वा या संग्राहकाने आयुष्यभर जमवलेलं भरतकाम आणि बोजागी म्हणजे सामान बांधायची कापडं इथे आहेत.

त्यातला 'जोगाकबो' हा प्रकार आईला नक्की दाखवा. कपडे शिवून उरलेले तुकडे जोडून केलेलं कापड. आपल्या गोधडीची आठवण येणारच, पण फरकही बघा: गोधडीत थर असतात, ऊब असते, धावदोरा वरून दिसतो. तागासारख्या पातळ कापडाच्या जोगाकबोला अस्तर नसतं. प्रत्येक जोडाची कड आत दुमडून अशी शिवलेली असते की उलट-सुलट बाजू सारखीच. उजेडासमोर धरलं की तुकडे फिके पडतात आणि शिवणीच्या रेषा खिडकीच्या गजांसारख्या गडद होतात. माझ्या आईने काचेला नाक लावून टाके मोजले होते. मग म्हणाली, "ही बाई घाईत नव्हती."

११. ग्वाछॉनचा तो टीव्हींचा मनोरा चालू असतो का? तेवढ्यासाठी जावं का?

आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ग्वाछॉन शाखेतला, व्हिडिओ कलाकार पैक नाम-जुन यांचा हा मनोरा १९८८चा. साडेअठरा मीटर उंची, १,००३ जुने काचनळीचे टीव्ही. हा आकडा ३ ऑक्टोबर या कोरियाच्या राष्ट्रस्थापना दिनावरून घेतला आहे. नळ्या जुन्या झाल्या म्हणून २०१८मध्ये तो बंद करावा लागला, आणि दुरुस्तीनंतर सप्टेंबर २०२२मध्ये पुन्हा सुरू झाला. आता तो जपून, रोज ठरावीक वेळच चालवतात. संकेतस्थळावर वेळ पाहूनच निघा, नाहीतर काळे पडदे बघून परत याल.

४ क्रमांकाच्या मार्गाने सोल ग्रँड पार्क स्टेशन, तिथून संग्रहालयाची बस. डोंगराच्या पायथ्याशी असल्याने इथे शहरापेक्षा थंडी बोचते. बर्फ पडल्यावर बाहेरच्या शिल्पांवर पांढऱ्या टोप्या बसतात, ते पाहायला मात्र मी मुद्दाम जाते. सोमवार टाळा (प्रश्न ५).

१२. खास प्रदर्शनाची तिकिटं ऑनलाइन काढताना कोरियन मोबाइल नंबर मागतात. काय करू?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो. कोरियन तिकीटविक्रीच्या साइटवर ओळख पटवायला इथला फोन नंबर लागतो, भारतातला चालत नाही. मार्ग तीन. परदेशी पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या साइट वापरा: पूर्वीचं इंटरपार्क ग्लोबल म्हणजे आताचं नोल वर्ल्ड, किंवा क्लूक. संग्रहालयाच्या इंग्रजी पानावर थेट आरक्षण आहे का बघा. ते नसेल तर सकाळी उघडायच्या आधी खिडकीवर रांगेत उभे राहा.

लोकप्रिय प्रदर्शनांना ठरावीक वेळेचं तिकीट असतं, ती वेळ चुकवू नका. आणि शेवटचे दोन आठवडे टाळा. राहून गेलेलं सगळं शहर तेव्हा धावत येतं. 'मेजिन' म्हणजे तिकिटं संपली.

१३. कोरियन अजिबात येत नाही. अडेल का?

फारसं नाही. मोठ्या संग्रहालयांत फलक इंग्रजीतही असतात. फोनवरून भाषांतर करून घेता येतं. पाच शब्द कानांवर असू द्या: 'मुर्यो' म्हणजे विनामूल्य, 'सांगसॉल' म्हणजे कायमस्वरूपी, 'थुक्ब्यॉलजॉन' म्हणजे खास प्रदर्शन, 'ह्युग्वान' आणि 'मेजिन' वर आलेच. रस्ता शोधायला नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप घ्या.

१४. आम्ही शाकाहारी आहोत, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. दिवसभर बाहेर असलो तर खायचं काय?

सासूबाईंसाठीच आधी सांगते: आनगुक-इन्साडोंग भागात बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण देणारी ठिकाणं आहेत. मठाच्या स्वयंपाकात मांस-मासे नसतातच, शिवाय पाच उग्र वासाचे पदार्थ वर्ज्य असतात: लसूण, पातीचा कांदा, त्याच जातीच्या आणखी दोन भाज्या, आणि पाचवा हिंग! कोरियात हिंग पिकत नाही तरी यादीत तो आहे, कारण यादी भारतातून गेली. सासूबाईंना ऐकवा, जेवणाआधीच गप्पा रंगतील.

बाकी ठिकाणी सावध राहा. किमचीत बहुधा मासळीचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते. रस्त्यावर वाफाळणारा 'ऑमुक'चा कढ माशांचा. 'बुंगॉप्पांग' माशाच्या आकाराचं असतं, पण आत गोड लाल चवळीसारखं पुरण. पिठात अंडं असू शकतं, विचारून घ्या. 'होत्तॉक' म्हणजे साखर-दालचिनी भरलेली तव्यावरची गरम पोळी. आणि 'गुनगोगुमा', भाजलेलं रताळं, कागदी पिशवीत हाताला चटका देणारं. थंडीत त्याहून चांगलं काही नाही, आणि उपवासालाही चालतं.

१५. आईबाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. झेपेल का?

संग्रहालयं झेपतील, फुटपाथ सांभाळा. बर्फ वितळून पुन्हा गोठला की काचेसारखा निसरडा होतो. तळाला पकड असलेले बूट हवेतच. मेट्रोतल्या बाकांना खालून ऊब असते, बऱ्याच बसथांब्यांवरचे बाकही गरम असतात. राष्ट्रीय संग्रहालयात चाकाची खुर्ची आणि बाबागाडी विनामूल्य मिळते. ६५ वर्षांवरच्यांना काही ठिकाणी सवलत असते, पासपोर्ट जवळ ठेवा.

लहान मुलं बरोबर असतील तर राष्ट्रीय संग्रहालयातलं बालसंग्रहालय आधी आरक्षित करा. आणि शहर-इतिहास संग्रहालयातली सोलची १:१५०० प्रमाणातली प्रतिकृती दाखवा. आपलं हॉटेल शोधण्यात मुलांचा अर्धा तास जातो.

१६. फोटो काढू देतात का?

कायमस्वरूपी दालनांत बहुतेक ठिकाणी हो, फ्लॅश आणि स्टँड नको. खास प्रदर्शनांत दारावर लिहिलेलं असतं ते वाचा. चिंतनाच्या खोलीत फोटो चालतो, पण मी तुम्हाला विनंती करेन की आधी दहा मिनिटं फोन खिशात ठेवा.

१७. कान्सोंग संग्रहालय आणि फ्रीझ मेळा हिवाळ्यात बघता येतील का?

फ्रीझ आणि त्याच्या जोडीचा कियाफ हे दोन्ही कलामेळे सप्टेंबरात असतात. सोंगबुक-डोंगमधलं कान्सोंग, जॉन ह्योंग-फिल यांनी १९३८मध्ये स्थापन केलेलं, ते वसंत आणि शरदात ठरावीक आठवडेच उघडतं. हिवाळ्यात तिथवर चढण चढून जाल ती बंद दाराशी. सप्टेंबर २०२४मध्ये त्यांनी देगूमध्ये मोठं संग्रहालय उघडलं आहे, जलद रेल्वेने तिकडे जाता येतं.

१८. सामचॉन्ग-डोंगमधल्या खासगी गॅलऱ्यांत नुसतं बघायला शिरलं तर चालतं का? काही विकत घेणार नाही.

खुशाल शिरा. गॅलरी ह्युनदाई, कुक्जे यांसारख्या जुन्या गॅलऱ्या आधुनिक कलेच्या संग्रहालयापासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत, प्रवेशाला पैसे नाहीत, कोणी मागे मागे येत नाही. आत जाताना मान थोडी लववून 'आन्न्योंगहासेयो' म्हणा, पुरे. एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावायच्या मधल्या दिवसांत त्या बंद असतात, आणि जानेवारीत असे दिवस बरेच येतात.

१९. धुळीचा इशारा आला आहे, बाहेर पडू नका म्हणतात. दिवस वाया गेला का?

उलट असे दिवस संग्रहालयासाठी ठेवावेत. थंडी ओसरली की वारा पडतो आणि सूक्ष्म धूळ साचते. आता इथले लोक 'तीन दिवस थंडी, चार दिवस धूळ' असं म्हणू लागले आहेत. औषधाच्या दुकानातून केएफ-९४ मास्क घ्या आणि स्टेशनला लागून असलेलं ठिकाण निवडा, म्हणजे इछोनचं राष्ट्रीय संग्रहालय. डोंगरावरचं, राजवाड्यांचं सगळं पुढच्या थंड दिवसासाठी ठेवा. तेव्हा हवा इतकी स्वच्छ असते की संग्रहालयाच्या रुंद पायऱ्यांवरून नामसानचा मनोरा हाताशी आल्यासारखा दिसतो. पायऱ्यांसमोरचं तळंही तेव्हा बऱ्याचदा गोठलेलं असतं.